जासईचा बांध आणि वाढत्या वयाचें ओझें

घरांत चौदा-पंधरा वर्षांचें मूल असलें, कीं दोन वाक्यें हमखास ऐकूं येतात. वडीलधारे म्हणतात, "आम्हीं या वयांत किती सोसलें!" आणि मूल म्हणतें, "तुम्हांला आमचें कांहीं कळत नाहीं." दोघांचेंही म्हणणें प्रामाणिक असतें, परंतु दोघांच्याही दृष्टीआड इतिहास राहिलेला असतो. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर जासई नांवाचें गांव आहे. त्याचा व त्याच्या आसपासच्या मुलखाचा गेल्या शंभर वर्षांचा वृत्तांत पाहिला, तर या घरगुती वादाचें मूळ बरेंच उलगडतें.

खाडीकांठच्या या भागांत भातशेती, मासेमारी व मिठागरें हीं पूर्वीं उपजीविकेचीं साधनें होतीं. भरतीचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून बांध घालावा लागे. तो फुटला, तर एका घराचें नव्हे, साऱ्या शिवाराचें पीक बुडे. म्हणून तो सर्वांनीं मिळून राखावयाचा असे. या बांधावर बारा-तेरा वर्षांचा मुलगा बापामागून चिखल वाहूं लागला, कीं त्याचें बालपण संपलें. मुलीचें तर त्याहून आधीं संपे. १९२९ सालच्या शारदा कायद्यानें मुलींच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें. तेवढ्यासाठींही कायदा करावा लागला, यावरून तत्पूर्वींच्या स्थितीची कल्पना वाचकांस सहज येईल. शिवाय डोक्यावर खोत आणि सावकार होतेच. याच जिल्ह्यांत, अलिबागनजीक चरीच्या शेतकऱ्यांनीं १९३३ ते १९३९ पर्यंत शेतें पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप केला. त्या वर्षांचा भार मुलांनींही वाहिलाच असला पाहिजे.

तेव्हां तो काळ सुखाचा होता, असें कोणीं मानूं नये. मात्र त्या काळच्या मुलाला एक प्रश्न पडत नसे: मोठेपणीं मीं काय व्हावें? वाट अरुंद होती, काट्यांची होती, पण ठाऊक असलेली होती. आणि तिच्यावरून चालणारा तो एकटा नव्हता. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनीं १९०४ सालीं या वयावर मोठा ग्रंथ लिहिला व तें वादळाचें वय ठरविलें. तें वादळ त्यांनीं मुख्यतः मुलाच्या शरीर-मनांत शोधलें. वारा बाहेरूनही येतो, हें जासईच्या हकीकतीवरून दिसतें.

पहिला वारा शाळेचा. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ मध्यें त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. पुढें कित्येक वर्षें परीक्षा ही थोड्यांनाच उघडणारी दारें होती. १३ जानेवारी १९२६ रोजीं जासईंत जन्मलेले दि. बा. पाटील त्या दारानें आंत शिरले, वकील झाले, १९५७ सालीं विधानसभेंत गेले, आणि पनवेलचे आमदार म्हणून पांच वेळां निवडून आले. त्या पिढींत एक मुलगा शिकला, तर सरकारी कागद वाचणारा माणूस साऱ्या गांवाला मिळे. शिक्षण हा उपजीविकेचा एकमेव आधार नव्हता. मागें शेत होतें.

तें शेतच पुढें गेलें. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या भागांतील गांवांच्या जमिनी संपादन होऊं लागल्या. योग्य मोबदल्यासाठीं दि. बां.च्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई व नवघर परिसरांत पोलिसांचा गोळीबार झाला आणि पांच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या बदल्यांत साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना या लढ्याचेंच फळ. १९८९ सालीं जवळच न्हावा-शेवा येथें बंदर सुरू झालें. जेथें भात होतें, तेथें मालाच्या पेट्या रचल्या जाऊं लागल्या.

जमिनीबरोबर उत्पन्न गेलें, हें सर्वांना दिसलें. पण "मोठेपणीं काय?" या प्रश्नाचें तयार उत्तरही तिच्याबरोबरच गेलें, याकडे थोड्यांचें लक्ष गेलें. शेतावर नापास होण्याची सोय नव्हती, तशी भीतीही नव्हती. आज दहावी, बारावी आणि त्यापुढील प्रवेशपरीक्षा यांवर सारें अवलंबून आहे, अशी मुलाची समजूत आपणच करून देतों. २०२४ च्या जानेवारींत खाडीवरील अटल सेतु खुला झाला, २०२५ सालीं पनवेलजवळच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. संधि दाराशीं आली, असें घरचे म्हणतात. म्हणून ती हुकली तर दोष मुलाचाच ठरतो. मुलींचा लाभ मात्र निर्विवाद आहे. ज्या वयांत पणजी सासरीं राबत होती, त्या वयांत पणती महाविद्यालयाची वाट धरते. परंतु तिच्याकडूनही आतां घरकाम व गुण या दोहोंची अपेक्षा होते.

आजचें ओझें कालच्यापेक्षां जड आहे कीं हलकें, हा वाद मला व्यर्थ वाटतो. फरक वजनाचा नाहीं, वाहणाऱ्यांच्या संख्येचा आहे. बांध फुटला तर सारें गांव कुदळी घेऊन धांवे; १९८४ सालीं संकट आलें, तेव्हां बायकामाणसांसह गांवेंच्या गांवें रस्त्यावर आलीं. आजचा मुलगा गुणपत्रिका हातांत घेऊन खोलींत एकटा बसतो, आणि हातांतील फोनवर त्याला इतरांचें यश तेवढें दिसत राहतें.

जानेवारींत हुतात्म्यांचें स्मरण होतें, तेव्हां त्या दिवसांत पंधरा वर्षांचे असलेले आणि आज पन्नाशी ओलांडलेले लोक नातवंडांना लढ्याची कथा सांगतात. ती अवश्य सांगावी. मात्र "आम्हीं एवढें केलें, तुला एवढेंही जमत नाहीं?" असा तिचा शेवट करूं नये. त्या दिवशीं आपणांसही भय वाटलें होतें, आणि शेजारीं माणसें उभीं होतीं म्हणूनच पाय टिकले, एवढें खरें सांगितलें, तरी त्या मुलाचें ओझें उचलण्यास आपण एक हात लावला, असें होईल.