चाकावरचा आरसा

आपल्याकडं मालट्रकवर ड्रायव्हरच्या जोडीला जो पोऱ्या असतो, त्याला आपण 'क्लीनर' म्हणतो. बोलता बोलता त्याचा 'किन्नर'ही झाला. गाडी पुसणं हे त्याचं काम नावातच आलं. पण चाक इतकं घासावं की त्यात तोंड दिसावं, ही वेळ त्याच्यावर सहसा येत नाही. आपल्या ट्रकची चाकं बहुतांशी पोलादी आणि रंग दिलेली. अमेरिकेत मात्र लांब पल्ल्याच्या मोठ्या ट्रकची चाकं चांदीसारखी लखलखताना दिसतात. तिथं क्लीनर नसतो. सुटीच्या दिवशी ड्रायव्हरच स्टूल घेऊन चाकाशी बसतो. ही हौस आली कुठून?

चाक ज्या धातूचं, त्याच्यापासून सुरुवात करू. आपल्या आयाआज्या ज्याला 'जर्मनचं भांडं' म्हणत, तोच हा ॲल्युमिनियम. आज तो गरिबाघरचा धातू मानला जातो, पण एकेकाळी त्याचा थाट वेगळा होता. 1884 साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर त्याचं 100 औंसांचं टोक बसवलं, तेव्हा त्याची किंमत चांदीच्या बरोबरीची होती. बसवण्यापूर्वी ते टोक न्यूयॉर्कला टिफनीच्या जवाहिऱ्याच्या दुकानात लोकांना पाहायला ठेवलं होतं! दोनच वर्षांनी, 1886 मध्ये, अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्यानं हा धातू वेगळा काढण्याची रीत शोधली आणि तो स्वस्त झाला. हॉलच्या शोधावर 1888 मध्ये पिट्सबर्गला कंपनी निघाली. तीच पुढं 'अल्कोआ' झाली.

या कंपनीनं 1948 साली ट्रकसाठी घडीव ॲल्युमिनियमचं चाक तयार केलं. घडीव म्हणजे साच्यात ओतलेलं नव्हे. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेल्या धातूचा तापवलेला ठोकळा प्रचंड दाबाखाली चेपून त्याला आकार द्यायचा. त्यामागं शोभेपेक्षा हिशेब होता. असं चाक पोलादी चाकापेक्षा दहा-पंधरा किलोंनी हलकं भरतं. अठरा चाकी गाडीत हा फरक दोनशे किलोंच्या आसपास जातो. अमेरिकी महामार्गांवर मालासकट गाडीच्या वजनाला कायद्याची मर्यादा आहे. 1974 पासून ती 80,000 पौंड, म्हणजे सुमारे 36 टन. चाकात वाचलेलं वजन मालात भरता येतं आणि प्रत्येक खेपेला चार पैसे जास्त मिळतात.

चमक आली ती या हिशेबाच्या पाठोपाठ. 1980 च्या कायद्यानं मालवाहतुकीवरची बंधनं सैल झाली. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्यांना धंद्यात येणं सोपं झालं. ज्यानं कर्ज काढून गाडी घेतली, त्याला ती सजवावीशी वाटणारच. आयोवा राज्यात वॉलकॉट इथल्या विशाल ट्रकतळावर 1979 पासून ट्रकवाल्यांचा मेळावा भरतो आणि त्यात ट्रकची सौंदर्यस्पर्धाही होते. तिथं चाकाकडं नजर आधी जाते.

आता घासण्याचं शास्त्र. ॲल्युमिनियमला हवा लागली की क्षणात त्यावर ऑक्साइडचा पारदर्शक, अतिशय पातळ थर धरतो. माणिक आणि नीलम हे मूळचे याच ऑक्साइडचे स्फटिक. हा थर धातूचं चिलखत असतो. पण तीव्र आम्ल किंवा तीव्र अल्कली लागली की तो विरघळतो. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं जर्मनचं भांडं काळवंडतं, ते त्यामुळंच. तिकडं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकाला बारीक खड्डे पाडतं. काही चाकांवर रक्षक लेप असतो. पण साधा लेप खडी लागून उडाला की पाणी आत शिरतं आणि लेपाखाली डाग पसरतात. उघडं चाक काळं पडतं खरं, पण पुन्हा घासता येतं.

रीत सोपी, पण वेळखाऊ. चाक थंड होऊ द्यायचं, सौम्य साबणानं धुऊन वाळूचा कण न् कण काढायचा. लोखंडी तारेचा ब्रश वर्ज्य, कारण लोखंडाचे कण धातूत रुततात. मग जाड ते बारीक अशा क्रमानं पॉलिशपेपर, नंतर कापडी चकती आणि शेवटी हातानं पॉलिश. फडकं काळंभोर होतं. तो नुसता मळ नसतो, झिजलेला धातूही असतो. उरलेला तेलकटपणा टिपायला तिथले जाणकार चक्क गव्हाचं पीठ भुरभुरतात.

पण या लखलखाटाला एक काळी बाजूही आहे. वेळ वाचवायचा तर हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेलं द्रावण फवारलं की चाक मिनिटांत उजळतं. हे आम्ल सौम्य असलं तर कातडीला लागताना फारसं जाणवत नाही. तासांनी वेदना सुरू होतात, तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. प्रमाण जास्त झालं तर हृदय थांबू शकतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 2001 ते 2013 या काळात मोटारी आणि ट्रक धुताना या आम्लानं भाजलेल्या 48 कामगारांची नोंद झाली. असंच द्रावण पोटात गेल्यानं ट्रक धुणारा एक कामगार दगावला. हा अहवाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तोंड दिसेल असं चाक तासाभराच्या मजुरीवर कुणी दुसराच उजळत असतो, आणि त्याच्या हातात साधे मोजेही असतील याची खात्री नसते.

म्हणून जुन्या ड्रायव्हरांची ती स्टुलावरची बैठक मोलाची वाटते. हातानं घासताना बोटं चाकाच्या इंचाइंचावरून फिरतात. कुठं बारीक चीर गेली आहे का, नटाखालून गंजाची रेघ ओघळली आहे का, हे तेव्हाच कळतं. ही रेघ म्हणजे नट ढिला असल्याची खूण असू शकते. आणि भरधाव ट्रकचं चाक निखळलं तर रस्त्यावरच्या कुणाचाही जीव जाऊ शकतो. चमक पाहणाऱ्यांसाठी असते. पण ती आणताना चाकाकडं जे लक्ष जातं, त्यानं ड्रायव्हर सुखरूप घरी पोचतो, आणि त्याच्या शेजारून जाणारेही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)