मुलीचे नाव किती गोड असावे?

मुलीचे नाव किती नाजूक असावे, हा प्रश्न फार जुना आहे. पारस्कर गृह्यसूत्राने त्यासाठी विषम अक्षरसंख्या सांगितली. मनुस्मृतीने ते उच्चारास सोपे, मनोहर, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे असे ठरवले. नदीचे नाव असलेल्या मुलीशी विवाह मात्र तिने निषिद्ध मानला. महाराष्ट्राने तो निषेध जुमानला नाही. गोदावरी, कृष्णा, भागीरथी घरोघरी नांदल्या. १८६५ साली जन्मलेली यमुना विवाहानंतर ‘आनंदी’ झाली आणि १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर. बारशाला नाव माहेरने ठरवायचे, लग्नात सासरने बदलायचे. जिचे नाव, तिला विचारण्याची सोय कोणत्याच विधीत नव्हती.