प्रतिकृतीची साक्ष

जुन्या शस्त्रांचा संग्रह म्हटला कीं वस्तुसंग्रहालयांतील कांचेचीं कपाटें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु गेल्या कांहीं दशकांत पाश्चात्त्य देशांत एक निराळाच संग्राहक उदयास आला आहे. तो जुन्या लष्करी बंदुकांच्या प्रतिकृती जमवितो. १९६१ सालीं अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी सुरू झाली, तेव्हां या छंदाला बहर आला. पुढें बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कारखान्यानें १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीची प्रतिकृति जुन्या सरकारी मापांबरहुकूम घडविली. ‘नकली वस्तु जमविण्यांत कसलें आलें आहे इतिहासप्रेम?’ असें कोणी विचारील. त्याचें उत्तर या एन्फील्डवरूनच देतां येईल; कारण आपल्या १८५७ च्या इतिहासाशीं तिचा निकटचा संबंध आहे.

चरबीच्या काडतुसांची कथा आपण शाळेपासून ऐकत आलों. पण काडतुसाला चरबी हवीच कशाला? अस्सल एन्फील्ड आतां इतकी जुनी, कीं ती उडविण्यास पुष्कळजण धजत नाहींत. प्रतिकृति मात्र चांदमारीच्या मैदानावर नेतां येते. ही ठासणीची बंदूक. कागदी काडतुसाचें दारूकडील टोंक फाडावयाचें, दारू नळींत ओतावयाची आणि कागदांत गुंडाळलेली गोळी गजानें ठांसावयाची. काळी दारू जळली कीं तिचा मळ नळींत सांचतो, आणि कांहीं बार झाल्यावर कोरडी गोळी खालीं उतरेनाशी होते. वंगण कां हवें, हें स्वतः गोळी ठांसणाऱ्याला ग्रंथावांचून उमजतें.

त्याला आणखीही एक गोष्ट उमजते. वंगण ही यंत्राची गरज होती. तें गाईडुकरांच्या चरबीचेंच असावें, ही यंत्राची गरज नव्हती. मेण व तेल यांनींही काम भागतें. १८५७ च्या जानेवारींत सरकारनें शिपायांना तशी मुभा दिलीही. पण तोंवर विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूर पेटलें आणि १० मे रोजीं मीरत.

उठावानंतर हिंदी पलटणींसाठीं १८५९ च्या नमुन्याची बंदूक निघाली. रूप एन्फील्डचेंच, परंतु नळीच्या आंत मळसूत्री खांचा नव्हत्या, म्हणून दूरचा नेम साधत नसे. सरकारचा अविश्वास असा त्या गुळगुळीत नळींत दडलेला होता, आणि नळींत डोकावल्यावर तो दिसून येई.

हाच धडा संग्राहकानेंही घ्यावा. प्रतिकृतीवर तिच्या कारखान्याची मुद्रा असते. कांहीं लबाड व्यापारी ती घांसून टाकतात, लोखंडावर मुद्दाम गंज चढवितात आणि तीच वस्तु अस्सल म्हणून विकतात. मुद्रा जपलेली प्रतिकृति प्रामाणिक शिक्षक असते. मुद्रा पुसलेली प्रतिकृति पुढच्या अभ्यासकाला खोटी साक्ष देते. म्हणून विकत घेतांना आधीं मुद्रा पाहावी, मग नळींत डोकवावें. किंमत त्यानंतर विचारावी.