प्रतिध्वनीतून उमटलेली दरी

शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशात समुद्र निळा दाखवलेला असतो. त्या निळ्या रंगाखालची जमीन कशी आहे, हे माणसाला कळले कसे?

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने महासागरांची पाहणी केली. त्या वेळी दोराला वजन बांधून ते तळापर्यंत सोडावे लागे. एकेका मोजणीला कित्येक तास जात. साडेतीन वर्षांत खोल समुद्रातील मोजण्या झाल्या पाचशेहूनही कमी!

पुढे ध्वनीची मदत झाली. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. जहाजावरून सोडलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी ६ सेकंदांनी परत आला, तर जाण्यायेण्याचे अंतर ९००० मीटर, म्हणजेच खोली ४५०० मीटर. ‘मेटिऑर’ या जर्मन जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात दक्षिण अटलांटिक महासागर तेरा वेळा ओलांडून अशा साठ हजारांहून अधिक नोंदी केल्या. महासागराच्या मध्यावरील पर्वतरांग त्यामुळे अधिक स्पष्ट झाली.

मात्र आकडे म्हणजे नकाशा नव्हे. अमेरिकेतील लॅमाँट भूशास्त्रीय वेधशाळेत मेरी थार्प हे काम करीत होत्या. स्त्रियांना तेव्हा संशोधन जहाजांवर प्रवेश नव्हता. त्यांचे सहकारी ब्रूस हीझन मोहिमांतून नोंदी आणत. १९५२ मध्ये थार्प यांनी उत्तर अटलांटिकचे सहा छेद एकाखाली एक मांडले. पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात जवळजवळ त्याच जागी एक खोल खाच दिसत होती. ही सलग दरी असली पाहिजे, असे त्यांनी म्हटले.

हीझन यांना ते पटेना. अशी दरी मान्य करायची, तर तेथे कवच फाटून दोन बाजूंना सरकते आहे, हेही मान्य करावे लागणार. आणि खंड सरकतात ही वेगेनर यांची कल्पना तेव्हा बहुतेक अमेरिकी भूशास्त्रज्ञांना अमान्य होती. त्याच सुमारास शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर सागरी भूकंपांची केंद्रे नकाशावर मांडत होते. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवताच भूकंपांची रांग थेट त्या दरीत पडली. दोन स्वतंत्र पुरावे एकाच जागी आले आणि हीझन यांचे मत बदलले. उत्तर अटलांटिकच्या तळाचा त्यांचा नकाशा १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सविस्तर खोली दाखवणारे नकाशे अमेरिकी नौदलाने गुप्त ठेवले असल्याने, डोंगरदऱ्या वरून तिरप्या पाहिल्यासारख्या रेखाटल्या होत्या.

त्या नकाशात जहाजांच्या वाटांमधल्या मोकळ्या जागा अंदाजाने भरलेल्या होत्या. आजची सोनार यंत्रे एकाच वेळी अनेक दिशांना ध्वनी सोडून तळाचा रुंद पट्टा मोजतात. तरीही २०२५ च्या मध्यापर्यंत जगातील सागरतळाचा सुमारे २७ टक्के भागच असा मोजून झाला होता. उरलेल्या भागाचे चित्र मुख्यतः उपग्रहांच्या नोंदींवरून केलेला ढोबळ अंदाज आहे.

शिक्षकांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. खोक्यात मातीचा डोंगर करून माथ्यावर अरुंद घळ ठेवा. झाकणाला दूरदूर भोके पाडा. आत न पाहता मुलांनी विणायच्या सुईने खोली मोजून डोंगराचे चित्र काढावे. झाकण उघडण्यापूर्वी त्यांना विचारा, ‘यातले मोजलेले किती आणि अंदाजाचे किती?’