फोटोत दिसणारी जनुकं

२००९ साली पुण्याला माझ्या मोठ्या मामांना यकृताचा कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनवरच निदान झालं, सुई घालून तुकडा काढलाच नाही. आईने फोनवर विचारलं, "हे आमच्या माहेरच्या रक्तातच आहे का रे? तुम्हा मुलांना तर नाही ना होणार?" परदेशात मास्टर्स करून दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या लेकाकडे उत्तर नव्हतं. पुढे शोधत गेलो, तर उत्तराचा बराचसा भाग आपल्या या न्यूझीलंडच्याच इतिहासात सापडला!

सुरुवात पाँगारोआ या चिमुकल्या गावापासून. १९१६ साली तिथे एका डॉक्टरच्या घरी मॉरिस विल्किन्स यांचा जन्म झाला. ते सहा वर्षांचे असताना कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात विल्किन्स आणि रोझालिंड फ्रँकलिन डीएनएवर क्ष-किरण सोडून त्याची छायाचित्रं घेऊ लागले. फ्रँकलिनबाईंचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी १९५२ मध्ये काढलेला फोटो विल्किन्सनी वॉटसनला दाखवला आणि १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डीएनएचा दुहेरी गोफ उलगडला. १९६२ चं नोबेल या तिघा पुरुषांना मिळालं. फ्रँकलिनबाई १९५८ सालीच कॅन्सरने गेल्या होत्या. म्हणजे जनुकाचं गुपित फुटलं, तेच मुळी फोटोवरून.

दुसरी गोष्ट टौरंगाची. तिथल्या एका माओरी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसं पोटाच्या कॅन्सरने जात होती, काही तर ऐन तारुण्यात. घरच्यांनी स्वतःच पुढाकार घेतला, ओटागो विद्यापीठाच्या पॅरी गिलफर्ड यांच्याबरोबर काम केलं, आणि १९९८ साली सीडीएच-१ या जनुकातला वारशाने येणारा दोष सापडला. हा कॅन्सर जठराच्या अस्तराखाली विखरून वाढतो, दुर्बिणीतून लवकर दिसत नाही. चित्र गप्प बसतं तिथे जनुक बोलतं.

यकृताचं नेमकं उलट आहे. सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असेल, तर स्कॅनमधल्या ठरावीक खुणांवरून बहुतेक वेळा निदान पक्कं होतं. मग तुकडा काढतच नाहीत, आणि गाठीतली जनुकं कोणी वाचतही नाही. तेव्हा चित्रालाच जनुकांबद्दल विचारलं तर? २००७ साली अमेरिका आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी सीटी स्कॅनमधल्या २८ खुणा आणि यकृताच्या गाठीतल्या जनुकांची सक्रियता यांची सांगड घातली. या खुणांच्या जुळणीतून ७८ टक्के जनुकांच्या सक्रियतेचा अंदाज बांधता आला. या शास्त्राला रेडिओजिनॉमिक्स म्हणतात. पुढे जपानी डॉक्टरांनी एमआरआयमध्ये आणखी एक खूण दाखवली. यकृतपेशी शोषून घेतात असं एक औषध देऊन काही वेळाने चित्र काढलं, की बहुतेक गाठी काळ्या दिसतात. पण बीटा-कॅटेनिनच्या जनुकात बिघाड असलेल्या गाठी पुष्कळदा उजळ दिसतात. ही खूण अचूक नाही, तिच्या एकटीच्या भरवशावर उपचार ठरत नाहीत. शिवाय आमच्या धंद्यातला अनुभव सांगतो, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ज्या समाजाची चित्रं आणि जनुकं अभ्यासात आलीच नाहीत, त्यांच्याबद्दल कॉम्प्युटर काय सांगणार?

आता आईचा प्रश्न. यकृताच्या गाठीतले हे बिघाड बहुधा आयुष्यात पुढे घडलेले असतात, टौरंगाच्या जनुकासारखे जन्मतः आलेले नसतात. मग एकाच घरात हा आजार का फिरतो? त्याचं उत्तर बे ऑफ प्लेंटीतल्या कावेराउ गावात आहे. १९८४ साली सँडी मिल्न यांनी जवळजवळ अख्ख्या गावाचं रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस बी तिथे किती पसरला आहे हे उघड केलं. हा विषाणू आईकडून बाळाला किंवा लहानपणी घरातल्या घरात लागतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि काहींना शेवटी कॅन्सरपर्यंत नेतो. वारसा असतो विषाणूचा, दिसतो रक्ताचा! मिल्न आणि गावकऱ्यांनी पाठपुरावा केला आणि १९८८ पासून या देशात प्रत्येक बाळाला ही लस मोफत मिळू लागली.

मामांना हिपॅटायटिस बी असल्याचं त्या आजारपणातच कळलं. ते राहिले नाहीत. मग मी आईला आणि धाकट्या मामांना तपासणी करायला लावली. आईची निगेटिव्ह आली, मामांची पॉझिटिव्ह. ते आता दर सहा महिन्यांनी न चुकता सोनोग्राफी करतात, आणि "तुझ्यामुळे पोटावर जेली फासून घ्यावी लागते" म्हणून मला फोनवर शिव्या देतात. त्या शिव्या ऐकायला फार बरं वाटतं.

आपल्यापैकी बरेचजण लस सार्वत्रिक होण्याआधी भारतात जन्मलेले. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी जीपीकडे जाल तेव्हा रक्ताची एवढी एक तपासणी करून घ्याच. आणि गावाकडच्या भावंडांनाही सांगा.