दुग्धविरहित चीज : चव, वितळण्याचा गुण आणि खबरदारी
दूधदुभत्यासाठी ख्यात असलेल्या पंजाब व हरियाणाची संयुक्त राजधानी चंदीगड येथेही दुग्धविरहित चीज आता मिळते. दुधाच्या चीजमधील केसिन प्रथिनाचे जाळे उष्णतेने सैल होते. म्हणून ते वितळते व त्याला तार सुटते. खोबरेल तेल आणि स्टार्चपासून केलेल्या पर्यायातील तेल सुमारे २५ अंश सेल्सिअसलाच पातळ होते, स्टार्च मऊ पडतो. पण तशी तार सुटत नाही. काजूच्या चीजला लॅक्टिक आम्ल जिवाणूंनी आंबवल्याने आंबूस चव येते.

‘अ‍ॅनालॉग’ चीजमध्ये मात्र वनस्पती तेलासोबत दुधातील केसिन असू शकते. असे चीज चांगले वितळते, परंतु दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते घातक ठरू शकते. त्यांनी वेष्टनावरील घटकांची यादी अवश्य वाचावी. ‘व्हीगन’ अन्नपदार्थांसाठी देशात २०२२ पासून स्वतंत्र नियम व हिरवे बोधचिन्ह आहे.