सेवा क्लबांचे दीर्घकालीन नियोजन

रोटरी, लायन्स, इनर व्हील यांसारख्या सेवा क्लबांनी एका पदाधिकारी-वर्षाच्या पलीकडे, साधारणपणे तीन ते पाच वर्षांसाठी, केलेली कामाची, माणसांची आणि पैशाची आखणी. या क्लबांचा कारभार स्वयंसेवक चालवतात, त्यांतील पदे दरवर्षी १ जुलैला बदलतात आणि सभासद आपापला धंदा-व्यवसाय सांभाळून वेळ देतात. कंपनीच्या किंवा सरकारी खात्याच्या नियोजनाहून या नियोजनाचे प्रश्न त्यामुळे वेगळे आहेत. ज्याने योजना आखली तो ती पूर्ण होईपर्यंत पदावर नसणार, हे येथे आरंभापासूनच ठाऊक असते. या नोंदीत मुख्यतः रोटरीची उदाहरणे घेतली आहेत. दीर्घ पल्ल्याचे सर्वांत मोठे काम तिच्याच नावावर आहे.

पार्श्वभूमी : पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत आपल्या तीन परिचितांबरोबर पहिली बैठक घेतली. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी एकत्र यावे, ओळखी वाढाव्यात, एकमेकांना धंदा मिळवून द्यावा, एवढाच त्यामागचा प्रारंभीचा विचार होता. १९०७ मध्ये क्लबाने शहरात सार्वजनिक शौचालये व्हावीत म्हणून खटपट सुरू केली, तेव्हा समाजसेवा त्याच्या कामात आली. दारूच्या गुत्त्यांचे आणि मोठ्या दुकानांचे मालक या कल्पनेच्या विरोधात होते, कारण त्यांच्या स्वतःच्या शौचालयांमुळे त्यांच्याकडे गिऱ्हाईक येत असे. शहरातील इतर संस्थांना बरोबर घेऊन महापालिकेकडे पाठपुरावा करावा लागला. एका बैठकीत सुचलेले काम तडीस नेण्यास किती चिकाटी लागते, हे क्लबाने येथे प्रथम अनुभवले.

१९१७ साली अटलांटाच्या अधिवेशनात आर्च क्लम्फ यांनी जगात भले करण्यासाठी एक कायमचा निधी असावा, अशी सूचना मांडली. त्या निधीत पहिली देणगी कॅन्सस सिटीच्या क्लबाची आली, ती साडेसव्वीस डॉलरची. पुढे बरीच वर्षे निधी संथपणे वाढला. १९४७ मध्ये पॉल हॅरिस यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ देणग्या येऊ लागल्या आणि त्याच वर्षी पहिल्या १८ विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. सूचना आणि तिचे दिसणारे फळ यांच्यात तीस वर्षे गेली. आजची रोटरी फाउंडेशन ही याच निधीतून वाढलेली संस्था आहे. लायन्सची स्थापना १९१७ ची; १९२५ मध्ये ओहायोतील अधिवेशनात हेलन केलर यांनी त्या संघटनेला अंधांच्या मदतीसाठी उभे राहण्याचे आवाहन केले. तेव्हापासून दृष्टिसेवा हे लायन्सचे मुख्य कार्य झाले. भारतात लायन्सचा पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला, आणि आपल्याकडील गावोगावच्या लायन्सच्या मोतीबिंदू शिबिरांचे मूळ त्या आवाहनापर्यंत जाते.

एका वर्षाची मुदत : क्लबाचा अध्यक्ष एक वर्षच राहतो. या प्रथेमुळे नेतृत्व कोणा एकाच्या हाती गोठत नाही. तालुक्याच्या गावातला औषधविक्रेता, शिक्षक, बांधकाम व्यावसायिक असे अनेकजण सभा चालवायला, हिशेब द्यायला, चारचौघांत बोलायला शिकतात. संघटनेचा जिवंतपणा बराचसा यावरच आहे. हीच प्रथा कामाला मारकही ठरते. प्रत्येक अध्यक्षाला आपल्या वर्षाची खूण ठेवावीशी वाटते. पदग्रहण समारंभात नवा प्रकल्प जाहीर होतो आणि मागच्या वर्षी बसवलेल्या पाणी शुद्धीकरण यंत्राची गाळणी बदलायला कोणी उरत नाही. शाळेच्या व्हरांड्यात बंद पडलेले, दात्याच्या नावाची पाटी मात्र शाबूत असलेले असे यंत्र महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत पाहायला मिळते. हेतू चांगला होता, पैसाही खर्च झाला, पण मुले पुन्हा घरून बाटली आणू लागली.

या दोषावरचा उपाय रोटरीच्या घटनेतच आहे. अध्यक्षाची निवड पद घेण्यापूर्वी किमान अठरा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे आधी होते. निवडलेली व्यक्ती आधी नॉमिनी, मग १ जुलैपासून वर्षभर प्रेसिडेंट-इलेक्ट आणि त्यानंतर अध्यक्ष होते. पद सोडल्यावर लगतची माजी अध्यक्ष म्हणून बोर्डावर राहते. म्हणजे कोणत्याही दिवशी क्लबात तीन-चार वर्षांची सूत्रे सांभाळणारी माणसे हजर असतात. ही माणसे महिन्यातून एकदा एकत्र बसत असतील, तर दीर्घकालीन नियोजनाचे अर्धे काम झालेच म्हणून समजावे. २००४ मध्ये रोटरीच्या आंतरराष्ट्रीय संचालक मंडळाने क्लब लीडरशिप प्लॅन स्वीकारला, त्यातही समित्यांवरील माणसे एकदम न बदलता सलग तीन वर्षे ठेवावीत, यावर भर आहे.

पद्धत : योजना आखताना क्लब आधी स्वतःकडे पाहतो. सभासद किती, त्यांचे वय काय, किती जण सभांना नियमित येतात, मागील पाच वर्षांत कोण का सोडून गेले, कोणते प्रकल्प अजून चालू आहेत हे तपासले जाते. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी आहे. जुन्या प्रकल्पांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. त्यानंतर गावाच्या गरजा समजून घ्याव्या लागतात. ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, आशा सेविका, मुख्याध्यापक यांच्याशी बोलणे झाले नाही, तर क्लब स्वतःला सोपे वाटणारे काम गावाची गरज समजून बसतो. रोटरी फाउंडेशनचे ग्लोबल ग्रँट (आंतरराष्ट्रीय भागीदारीच्या प्रकल्पांचे अनुदान) मागताना असे सर्वेक्षण सक्तीचे आहे. मग तीन वर्षांत काय झालेले दिसले पाहिजे, हे एक-दोन वाक्यांत लिहायचे आणि त्यातून दरवर्षाचा वाटा काढायचा. योजनेत फार गोष्टी असू नयेत. चाळीस सभासदांचा क्लब एक मोठे काम नीट करू शकतो. आठ कामांची यादी केली की आठही अर्धवट राहतात.

लिहिलेली योजना क्लब असेंब्लीत सर्व सभासदांपुढे ठेवून मंजूर करून घेणे आवश्यक असते. दोघातिघांनी बसून केलेली योजना पुढचा अध्यक्ष आपली मानत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

एक उदाहरण, डायलिसिस केंद्र : महाराष्ट्रातील अनेक क्लबांनी गेल्या काही वर्षांत धर्मादाय रुग्णालयांना डायलिसिस यंत्रे दिली. नियोजनाचा कस पाहण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे. रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस लागते. एक यंत्र दिवसात दोन पाळ्यांत चालवले, तर सोमवार-बुधवार-शुक्रवारचे दोन आणि मंगळवार-गुरुवार-शनिवारचे दोन, असे चार रुग्ण त्यावर होतात. पाच यंत्रे म्हणजे वीस रुग्ण. एका वेळच्या उपचारात सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते, म्हणून आरओ संयंत्र, त्याची वेळच्या वेळी तपासणी आणि उन्हाळ्यात पाणीपुरवठा तुटणार नाही याची तजवीज हवी. प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा आणि तो नोकरी सोडून गेल्यास दुसरा. डायलायझर, नळ्या, औषधे यांचा खर्च दर वेळी होतो, देखभालीचा करार दरवर्षी करावा लागतो. यंत्राचे आयुष्य सात ते दहा वर्षे धरले जाते.

उद्घाटनाच्या फोटोत यांतले फक्त यंत्र दिसते. योजना करणाऱ्याने बाकी सर्व आधी लिहून काढायचे असते. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेले असेल, तर पात्र रुग्णांचा खर्च तिथून मिळतो. जे पात्र ठरत नाहीत त्यांच्यासाठी क्लबाने दरवर्षी किती रक्कम द्यायची हे करारात हवे. यंत्र बदलण्याच्या वेळेसाठी पहिल्या वर्षापासून थोडी रक्कम बाजूला टाकली नाही, तर आठव्या वर्षी वीस रुग्णांना दुसऱ्या शहराची एसटी धरावी लागेल, तीही आठवड्यातून तीनदा. क्लबाने केलेली आखणी या रुग्णांच्या दृष्टीने जगण्याचा प्रश्न असते. नियोजन हे कागदी काम आहे, असे म्हणणाऱ्या सभासदाने एक सकाळ अशा केंद्रात काढावी.

पैसा आणि कॅलेंडर : रोटरी फाउंडेशनच्या वार्षिक निधीत आलेली देणगी लगेच खर्च होत नाही. ती तीन वर्षे गुंतवली जाते. तिचे उत्पन्न कारभारासाठी वापरले जाते आणि तीन वर्षांनी मूळ रकमेचा जवळपास निम्मा भाग रोटरीच्या ज्या प्रांतातून (डिस्ट्रिक्टमधून) देणगी आली त्याच्या हाती परत येतो. आजचा अध्यक्ष जो निधी वापरतो तो तीन वर्षांपूर्वीच्या सभासदांनी दिलेला असतो, आणि आजचे देणगीदार अजून न निवडल्या गेलेल्या अध्यक्षासाठी देत असतात. ग्लोबल ग्रँटचे अंदाजपत्रक किमान ३० हजार डॉलरचे असावे लागते, दोन देशांतील क्लब त्यात भागीदार असतात आणि काम टिकाऊ कसे राहील हे अर्जातच सांगावे लागते. अर्ज, मंजुरी, खरेदी आणि अंतिम अहवाल यांत एका अध्यक्षाचे वर्ष सहज संपते.

भारतात याला आणखी एक बाजू आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर (सीएसआर) खर्च करावी लागते. बऱ्याच क्लबांनी हा निधी घेण्यासाठी वेगळे विश्वस्त मंडळ (ट्रस्ट) स्थापून ते धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवले आहे; एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला केंद्राकडेही नोंदणी करावी लागते. सीएसआर नियमांत चालू प्रकल्पाला आरंभाचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते, तेव्हा कंपनी अशा संस्थेचा शोध घेते, जी तीन वर्षांनीही जागेवर असेल. विश्वस्त दरवर्षी बदलत नसल्याने ट्रस्ट क्लबाला स्थैर्य देतो. ट्रस्ट आणि बोर्ड यांच्यात बोलणे कमी झाले, तर हीच दोन सत्ताकेंद्रे होतात. विश्वस्तांत विद्यमान अध्यक्ष पदसिद्ध असावा, ही तरतूद म्हणून महत्त्वाची.

क्लबाचे वर्ष जुलै ते जून, हिशेबाचे एप्रिल ते मार्च, शाळांचे जूनपासून आणि शेतीचे पावसावर. नवा अध्यक्ष ऐन पावसाळ्यात येतो. वृक्षारोपण तेव्हाच करायचे असते, म्हणून खड्डे, रोपे आणि कुंपण यांची सोय मावळत्या अध्यक्षाच्या मे महिन्यात झालेली लागते. वनराई बंधारे पाऊस ओसरल्यावर, ओढा वाहता असतानाच घालायचे. सिमेंटचा बंधारा किंवा तळ्यातला गाळ काढण्याचे काम उन्हाळ्यात. त्याची परवानगी आणि निधी दिवाळीपर्यंत हाती नसेल, तर काम पुढच्या अध्यक्षाकडे जाते. महाराष्ट्रातील ज्या क्लबांना जलसंधारण साधले, त्यांनी हे वेळापत्रक आधी आखले, प्रकल्पाचे नाव मागाहून ठेवले.

पोलिओ निर्मूलन : सेवा संघटनेच्या दूरदृष्टीचे हे सर्वांत मोठे उदाहरण. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपीन्स सरकारबरोबर साठ लाख बालकांना पाच वर्षांत लस देण्याचा करार केला. त्या अनुभवावर १९८५ मध्ये पोलिओप्लस ही मोहीम जाहीर झाली. १२ कोटी डॉलर जमवण्याचे ठरले होते. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा १२५ देशांत पोलिओ होता आणि वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुले पंगू होत होती.

रोटरीने आपल्या शताब्दीपर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत, जग पोलिओमुक्त करण्याचा संकल्प केला होता. तो पुरा झाला नाही. २००९ मध्ये एकट्या भारतात ७४१ रुग्ण सापडले, जगातील एकूण रुग्णांच्या जवळपास निम्मे. या टप्प्यावर मोहीम सोडली गेली नाही, हेच तिचे मोठेपण. मुदत हुकली तरी उद्दिष्ट कायम ठेवले, पुन्हा निधी जमवला. उत्तर प्रदेशात लशीविषयी संशय होता तिथे उलेमांची समिती नेमून घरोघरी विश्वास मिळवला. रोटरीचे जागतिक अध्यक्ष दरवर्षी बदलत होते, पण भारतातील राष्ट्रीय पोलिओप्लस समितीचे अध्यक्षपद २००१ पासून दीपक कपूर यांच्याकडेच राहिले. एक वर्षाच्या पदांच्या संघटनेने आपल्या सर्वांत मोठ्या कामासाठी तो नियम बाजूला ठेवला. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. वन्य विषाणूचा प्रसार पाकिस्तान व अफगाणिस्तानात अजून थांबलेला नाही. मोहीम चालू आहे.

सभासद : सर्व योजना अखेर सभासदांवर उभ्या असतात. रोटरीची सभासदसंख्या कित्येक वर्षे बारा लाखांच्या आसपास घुटमळत आहे. नवे लोक येतात, जवळपास तितकेच जातात. अमेरिकेत संख्या घटली, भारतात वाढली. स्त्रियांना पूर्ण सभासदत्व १९८९ मध्ये मिळाले, आणि तेही कॅलिफोर्नियातील दुआर्ते क्लबाने दिलेल्या दीर्घ लढ्यानंतर व १९८७ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. निम्म्या समाजाला इतकी वर्षे दाराबाहेर ठेवणे ही संघटनेच्या दूरदृष्टीतली मोठी उणीव होती. २०१६ मध्ये क्लबांना सभा कधी व कशा घ्यायच्या याची मोकळीक देण्यात आली. २०१९ पासूनच्या कृती आराखड्यात कामाचा परिणाम वाढवणे, अधिक लोकांपर्यंत पोहोचणे, सहभागी माणसांना गुंतवून ठेवणे आणि बदलाशी जुळवून घेणे ही चार सूत्रे आहेत.

छोट्या क्लबाच्या योजनेत सभासदांविषयीचा भाग बहुधा सर्वांत त्रोटक असतो: दरवर्षी अमुक नवे सभासद. त्यापेक्षा आलेल्या सभासदाला पहिल्या तीन महिन्यांत कोणते काम द्यायचे, त्याच्या शेजारी कोण बसेल, रोटरॅक्ट या रोटरीच्या तरुण शाखेतून बाहेर पडणाऱ्यांशी कोण संपर्कात राहील, हे लिहिलेले अधिक उपयोगी पडते. सोडून जाणाऱ्यांपैकी बरेचजण पहिल्या दोन-तीन वर्षांतलेच असतात आणि त्यांना कोणी काम सांगितलेलेच नसते.